वासावरचा स्वयंपाक

जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनमध्ये ट्रामच्या थांब्यामागे पंढरीनाथचं सॉसेजचं छोटं दुकान होतं, आणि दुकानदाराने जन्मात एकही सॉसेज खाल्लं नव्हतं. हे ऐकून लोक हसतात. मराठी मंडळाच्या गणपतीत कोणी ना कोणी ही गंमत नव्या पाहुण्याला सांगायचंच, आणि पाहुणा डोळे मोठे करून त्याच्याकडे बघायचा. त्याचं व्रत वगैरे काही नव्हतं. लहानपणी घरात मांस नव्हतं आणि मोठेपणी तो घास घशाखाली उतरला नाही, एवढंच. ज्याचं हे दुकान मुळात होतं त्या सासऱ्याने त्याला विचारलं होतं, जो माणूस स्वतः खात नाही तो विकणार कसा? पंढरीनाथने मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं की औषधांचा दुकानदार तरी कुठे सगळी औषधं खातो. म्हातारा पोट धरून हसला, आणि त्या हसण्यातच लग्न ठरलं, असं गिझेला पुढे सगळ्यांना सांगायची.

गिझेला म्हणजे त्याची बायको. पुण्याच्या एका कंपनीने फिटर म्हणून पाठवलेला हा पोरगा रोज दुपारी तिच्या बापाच्या दुकानावर यायचा आणि नुसते तळलेले बटाटे आणि मोहरीचं वाटण लावलेला पाव खाऊन जायचा. परवडत नसेल बिचाऱ्याला, असं वाटून ती बटाटे जास्त घालायची. खरं कारण कळल्यावर तिला राग आला होता म्हणे. पण तोवर उशीर झाला होता.

पंढरीनाथचे वडील कराडकडच्या एका गावात देवळाच्या उत्सवांचा स्वयंपाक करायचे. नैवेद्य दाखवायच्या आधी पदार्थ चाखायचा नाही, चाखला की तो उष्टा झाला. मग भाजीत मीठ बरोबर पडलंय हे कळणार कसं? वासावर. वडील पातेल्यावर वाकायचे, तळहाताने वाफ नाकाकडे ओढायचे आणि म्हणायचे, अजून चिमूटभर. पंढरीनाथने हेच शिक्षण सॉसेजला लावलं. खाटकाकडून सकाळी पेटी आली की तो आधी नाक घालायचा; माल आजचा की कालचा हे त्याला लगेच कळायचं. टोमॅटोची करीवाली चटणी तो मापाने कधीच करत नसे. वास पुरा झाला की गॅस बंद. चाखायचं काम गिझेलाचं. नाक याचं आणि जीभ तिची, असा दोघांत मिळून एक आचारी होता आणि त्याचं उत्तम चाललं होतं.

कारखान्यांचं शहर ते. देशभरातली माणसं तिथे येणार आणि प्रत्येक जण आपल्या गावचंच सॉसेज खरं म्हणणार. बर्लिनकडच्याला ते सालीशिवाय हवं, तुकडे करून, वर लाल चटणी आणि करी पावडर भुरभुरून. फ्रँकफर्टच्याला गाईच्या मांसाचं लांबलचक हवं. इथल्या फाल्त्स भागातल्याला जाडंभरडं, कडक सालीचं आणि पावात धरल्यावर मनगटावर रस ओघळेल असं. उभ्याने खायच्या त्या उंच टेबलांपाशी दुपारी जे वाद चालायचे ते ऐकून पंढरीनाथला अगदी घरी असल्यासारखं वाटायचं. मिसळीवरून भांडणारी माणसं त्याने पाहिली होती. तो कुणाची बाजू घेत नसे. ज्याला जसं हवं तसं देई.

या सगळ्यांत केसलरांचा, सगळ्यांच्या तोंडी ‘हेर’ म्हणजे श्रीयुत केसलरांचा, मान वेगळा. ते पूर्व जर्मनीतल्या थुरिंगियाचे. बर्लिनची भिंत पडल्यावर कामासाठी पश्चिमेला आले ते इथेच राहिले. बायको आली नाही, मुलगा तिच्याबरोबर तिकडेच वाढला. केसलरांच्या मते सॉसेज म्हणजे थुरिंगियन ब्राटवुर्स्ट, तीही कोळशावर भाजलेली, पावात घातलेली, वर फक्त मोहरी. टोमॅटोची चटणी लावणाऱ्या माणसाला त्यांनी माणूस म्हटलं नसतं. दुकानात गॅस होता, तो गुन्हा त्यांनी पंढरीनाथला मोठ्या मनाने माफ केला होता. पेन्शनीत निघाल्यापासून ते रोज अकरा वाजता यायचे, जर्मन अकरा वाजता म्हणजे अकराच, खायचे, आणि शेवटी एकच शब्द म्हणायचे, ‘पास्ट.’ ठीक आहे. याहून मोठी स्तुती त्यांच्या तोंडून कुणी ऐकली नव्हती.

मग गिझेला गेली. तिच्यामागे पंढरीनाथने दुकान चालू ठेवलं, कारण घरात बसून करणार काय? मुलगी कुहू कार्ल्सरूहेला आयटीत. ती फोनवर त्याचं मराठी ऐकायची आणि उत्तर जर्मनमध्ये द्यायची, आणि दर वेळी फिरून त्याच गोष्टीवर यायची: बंद कर आता पापा, माझ्याजवळ येऊन राहा. तो म्हणायचा, बघू. बायको नसलेल्या घरात संध्याकाळी किल्ली फिरवताना त्याला रडू यायचं, पण सकाळी दुकानाची फळी वर केली की कुणीतरी ‘माल्त्साइट’, म्हणजे जेवणवेळचा नमस्कार, म्हणत यायचंच. त्या एका शब्दावर तो दिवस काढायचा.

दोन हिवाळ्यांपूर्वी त्याला ताप आला. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाली, येईल परत, काहींना वेळ लागतो. तो आला नाही. पंढरीनाथ कापूर हुंगून बघायचा, कांदा हुंगायचा, गिझेलाचा कपाटातला स्वेटर हुंगायचा. सगळ्याला नुसत्या हवेचा स्पर्श. स्वेटरचं त्याला सगळ्यात जास्त लागलं, आणि त्याबद्दल तो कुणाशी बोलला नाही.

वास गेल्याचंही तो कुणाशी बोलला नाही, आणि इथे त्याचं चुकलं. साधं होतं. कुहूला सांगायचं, नाहीतर एखादा माणूस ठेवायचा, किंवा जीभ लावून बघायची. पण कुहूला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी ती गाडी घेऊन आली असती आणि दुकानाला कुलूप लागलं असतं. जीभ लावायची तर वडिलांचा हात आडवा यायचा. साठी उलटलेल्या माणसाला बापाचा धाक असतो, हे तरुणांना पटत नाही. म्हणून त्याने तिसराच मार्ग काढला. तो खाणाऱ्यांची तोंडं वाचायला लागला. पहिला घास घेताना कपाळाला आठी पडते का, चावणं मंदावतं का. आणि सगळ्यात जास्त तो बघायचा केसलरांकडे. त्यांनी ‘पास्ट’ म्हटलं की दिवसाचा माल पास.

गणपतीत त्याने मोदक केले तेव्हा सारण करपलं होतं. मंडळाच्या मालविकाताईंनी वाईट वाटू नये म्हणून दोन खाल्ले आणि बाकीचे हळूच बाजूला सरकवले. ते त्याने पाहिलं. दुकानातली चटणीही कधी लवंगेने कडू व्हायची, कधी फिक्की. गिऱ्हाईक कमी झालं. तो म्हणायचा, लोक हल्ली घरून डबा आणतात.

यंदा पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या जोडून आलेल्या सुट्टीत ऊन असं पडलं की ऱ्हाइनच्या काठावर माणसं उघडी लोळत होती. दुकान बंद होतं. मंगळवारी सकाळी पंढरीनाथने फळी वर केली तर रेडिओवरचं घड्याळ शून्यावर लुकलुकत होतं. त्याने वेळ नीट लावली आणि बातम्या ऐकत पाव मांडले. सुट्टीत कधीतरी वीज गेली होती, आणि बराच वेळ गेली होती. फ्रिज कधीतरी बंद पडला होता आणि कधीतरी आपोआप सुरू झाला होता. आता त्यातलं सगळं पुन्हा थंडगार, गुलाबी, दिसायला छान. सुट्टीआधीच्या पेटीत त्याने सवयीने नाक घातलं. सवय राहिली होती, नाक राहिलं नव्हतं.

अकराला केसलर आले. भाजलेली ब्राटवुर्स्ट पावात घालून, मोहरी लावून त्याने पुढे केली आणि नेहमीसारखा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. केसलरांनी पहिला घास घेतला. जरा थांबले. वर पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, मग परत खाली मान घालून शेवटच्या तुकड्यापर्यंत सगळं खाल्लं. रुमालाने बोटं पुसली आणि म्हणाले, ‘पास्ट.’ पंढरीनाथचा जीव भांड्यात पडला.

बाराच्या सुमारास यशपाल आला. हा नागपूरचा पोरगा, कारखान्यात केमिस्ट, आठवड्यातून एकदा मराठी बोलायला यायचा आणि निमित्ताला सॉसेज खायचा. त्याने एक घास घेतला आणि कागदाच्या रुमालात थुंकला. मग आजूबाजूला पाहून, आवाज खाली आणून म्हणाला, “काका, हे खराब झालंय. म्हणजे थोडं नाही, पूर्ण गेलंय. तुम्हाला वास येत नाहीये का?”

पंढरीनाथच्या चेहऱ्यावर जे आलं त्यावरून यशपालला सगळं कळलं. पोरगा चांगला. तो एका शब्दाने रागावला नाही. त्याने फळी खाली ओढली, फ्रिज रिकामा केला, पिशव्यांना गाठी मारल्या, बाहेर बंदचा कागद लावला. काका, कुहूला फोन करा, नाहीतर मी करतो, असंही तो म्हणाला. पंढरीनाथ स्टुलावर बसून सकाळपासून कोणकोण येऊन गेलं ते आठवत होता. ऊन इतकं की लोक आइस्क्रीमकडे वळले होते. सॉसेज एकानेच खाल्लं होतं.

संध्याकाळी तो केसलरांच्या घरी गेला. बेल वाजवली तर शेजारणीने आपल्या फ्लॅटचं दार उघडलं. दुपारी अँब्युलन्स येऊन त्यांना घेऊन गेली, ती म्हणाली. उलट्या थांबत नव्हत्या. म्हाताऱ्याने फ्रिजमधलं काहीतरी शिळं खाल्लं म्हणे.

इस्पितळात केसलर पांढऱ्या चादरीत एवढेसे दिसत होते. मूत्रपिंडं आधीच अधू, त्यात हे. पंढरीनाथ वाटेत ठरवून आला होता की आत शिरल्याबरोबर सांगून टाकायचं. पण त्याने तोंड उघडायच्या आत केसलरांनी दार लावायला सांगितलं.

“मी डॉक्टरांना सांगितलंय की माझ्या घरात जुनी सॉसेजं होती, ती खाल्ली,” ते म्हणाले. “कुणी विचारलं तर तुम्हीही तेवढंच म्हणा.”

“तुम्हाला कळलं होतं?”

“पहिल्या घासाला. तुमचं नाक गेलंय हेही मला गेल्या वर्षीच कळलं. चटणी लोक टाकून देतात ते मी बघतो ना.”

“मग खाल्लंत कशाला, हेर केसलर?”

केसलरांनी खिडकीकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, “टाकलं असतं तर तुम्ही विचारलं असतं. विचारल्यावर मी खोटं बोललो नसतो. आणि खरं सांगितलं असतं तर तुम्ही दुकान बंद केलं असतं. मग अकरा वाजता मी कुठे जायचं?” पुढे म्हणाले, की महायुद्धानंतर लहानपणी याहून वाईट खाऊन पचवलं होतं. या वेळी हिशेब जरा चुकला.

पंढरीनाथ त्यांचा हात धरून उशाशी बसून रडला. केसलरांना ते अवघड झालं असावं, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले. पण हात काढून घेतला नाही. आठवडा संपायच्या आत ते गेले.

इतकं होऊनही पंढरीनाथने कुणाला काही सांगितलं नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. तो घाबरला होता. यशपालला माल खराब झाल्याचं माहीत होतं, पण केसलरांचं माहीत नव्हतं. यशपालने कुहूला फोन केला, ती येऊन चिडली, रडली, आणि दुकान विकायचं ठरवून गेली. तिलाही त्याने फक्त नाकाचंच सांगितलं. गेलेल्या माणसाने स्वतः झाकण घालून दिलं होतं. ते उचलायचं नाही, एवढंच करायचं होतं. तो दुकानात जाऊन रोज तोच तव्याचा पत्रा घासत बसायचा, आणि अकरा वाजले की उठून मागच्या बाजूला जायचा.

केसलरांचा मुलगा येन्स तिथेच त्याला भेटायला आला. पन्नाशीचा, बापासारखाच रुंद खांद्यांचा, एअरफुर्टहून घर रिकामं करायला आलेला. शेजारणीने पत्ता दिला होता. फळी अर्धी वर होती, तिच्याखालून वाकून तो आत आला आणि दोन्ही हातांनी पंढरीनाथचा हात धरला.

त्याला एक विनंती करायची होती. दफन झाल्यावर चर्चच्या हॉलमध्ये कॉफी आणि केक ठेवायचं ठरलं होतं, पण पापांना केकचं कधी कौतुक नव्हतं. हेर पंढरीनाथ त्यांच्यासाठी रोज करायचे तशा ब्राटवुर्स्ट सगळ्यांसाठी करतील का? फोनवर पापा नेहमी सांगायचे, पश्चिमेत एकच माणूस आहे ज्याला मोहरी कुठे थांबवायची ते कळतं.

पंढरीनाथने त्याला बसायला स्टूल दिलं. येन्सला बोलायचं होतं. माणूस गेल्यावर मुलांना बोलायचं असतं, आणि समोर परका असला की सोपं जातं. तो म्हणाला, मी वर्षातून एकदा यायचो, ख्रिसमसला, दोन दिवस. पण एक समाधान होतं. इथे पापांचा मोठा गोतावळा होता ना? दर दुपारी दुकानावर सगळे जमतात, हसतात, भांडतात, असं ते सांगायचे. म्हणून मी निर्धास्त होतो. पंढरीनाथच्या डोळ्यांसमोर ते उंच टेबल आलं. वर्षभर त्या टेबलापाशी अकरा वाजता एकच माणूस उभा असायचा. तो मान हलवत राहिला.

मग येन्सचा आवाज बदलला. कशाने गेले ते मात्र मला लाज आणतं, तो म्हणाला. एक शिळं सॉसेज फेकवलं नाही म्हाताऱ्याला. जन्मभर चिकटपणा केला आणि शेवटी त्यानेच घात केला. सगळी इमारत हेच बोलतेय. माझी मुलगी विचारते, आजोबा कंजूस होते का. काय सांगू तिला?

इथे गप्प राहता आलं असतं. पंढरीनाथला ते शक्यही झालं असतं, कारण गप्प राहण्याचा त्याला आता सराव झाला होता. पण ज्या माणसाने त्याच्यासाठी ते खाल्लं त्याची मागे कंजूस म्हणून आठवण राहावी, आणि आपण त्याच्या तेराव्याला, म्हणजे त्यांच्यात जे काही असतं त्याला, सॉसेज भाजत उभं राहावं? त्याने हातातला पत्रा बाजूला ठेवला.

“तुमच्या वडिलांच्या फ्रिजमध्ये काही नव्हतं,” तो म्हणाला. “ते सॉसेज माझं होतं. मीच दिलं.”

आणि त्याने सगळं सांगितलं. ताप, नाक, वीज, लुकलुकणारं घड्याळ. जर्मन शब्द अडखळत होते, तरी एकही गाळला नाही. येन्स ऐकता ऐकता उभा राहिला. सगळं झाल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला, आणि तो इतक्या हळू विचारला की बाहेरची ट्राम गेल्यावर पुन्हा विचारावा लागला.

“पण त्यांचं नाक तर शाबूत होतं. त्यांना कळलं नाही?”

हा प्रश्न येईल हे पंढरीनाथच्या ध्यानातच आलं नव्हतं. खरं उत्तर त्याच्याजवळ तयार होतं. ते दिलं असतं तर निम्मा भार खाली उतरला असता, कारण मग त्यांनी जाणूनबुजून खाल्लं असं झालं असतं. पण त्यासोबत दुसरंही सांगावं लागलं असतं. त्यांना जायला दुसरी जागा नव्हती. गोतावळा नव्हता. फोनवर ते मुलाला बरं वाटावं म्हणून खोटं बोलत होते, आणि मुलगा निर्धास्त झोपत होता. वर्षातून दोन दिवस येणाऱ्या या माणसाला ते ओझं जन्मभर पुरलं असतं. पंढरीनाथने त्याच्या रुंद खांद्यांकडे पाहिलं. खांदे आत्ताच वाकले होते.

“नाही,” तो म्हणाला. “कळायला वावच नव्हता. मी मोहरी फार घातली होती.”

“म्हणजे तुम्ही मारलंत त्यांना.”

“होय.”

येन्स एक पाऊल पुढे आला. क्षणभर वाटलं, तो मारणार. पंढरीनाथला ते चाललं असतं. पण तो त्याच्या बापासारखाच शिस्तीचा निघाला. त्याने खिशातून फोन काढला आणि तक्रारीत लिहायला पूर्ण नाव विचारलं. ते परकं नाव त्याला एका दमात लिहिता येईना, तेव्हा पंढरीनाथने एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, आणि दर अक्षरापाशी त्याचं लिहून होईपर्यंत थांबला.